पन्नास खोडं म्हणजे पन्नास झाडं का? बियांचा झुपका अन् मुळ्यांचा झुपका

किनवटच्या जंगलात फिरलात तर टेंभुर्णी, म्हणजे बिडीच्या तेंदूपत्त्याचं झाड, ठिकठिकाणी झुपक्यानंच दिसते, इथं खोडांची गर्दी अन् पुढं बराच वेळ एकबी नाही. बघणारा लगेच म्हणतो, इथं बी लई पडलं असणार. पण बियांचा झुपका वेगळा अन् मुळ्यांचा वेगळा, लांबून दोन्ही सेम दिसतात हीच गडबड आहे.

बियांच्या झुपक्यात लहान-मोठी सगळ्या वयाची रोपं असतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं सोटमूळ. फळं आईझाडाखाली पडतात, नाहीतर माकडं-कोल्हे खाऊन लांब नेऊन टाकतात. जॅन्झेन अन् कॉनेल या पर्यावरण अभ्यासकांनी, पहिल्यानं १९७० ला अन् दुसऱ्यानं १९७१ ला, मांडलं होतं की आईच्या अगदी बुडाशी तिच्याच किडी-रोगांचा मारा जास्त, त्यामुळं रोपं तिथं मरतात अन् थोडी लांबची जगतात.

दुसरा झुपका माणसानं केलेला. तेंदूपत्त्याला कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात, काही ठिकाणी आग लावतात, मग जमिनीखालच्या मुळ्यांनाच जागोजागी धुमारे फुटतात. मागच्या उन्हाळ्यात मी असंच एक हातभर 'रोप' उपटायला गेलो, हलेना, म्हणून खुरप्यानं उकरलं तर अंगठ्याएवढी मुळी आडवी पळत शेजारच्या खोडापर्यंत गेलेली. मामा म्हणले, "आरं, ही लेकरं न्हाईत, ही आईच हाय." पळसाचंबी असंच. सागाचं मात्र जरा वेगळं, तो तोडला की फुटवे खुंटाच्या कडेनंच येतात, लांब जात नाहीत, त्यामुळं तो ओळखायला सोपा.

आता मोजणीत काय होतं, १० बाय १० मीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येकातली खोडं मोजायची, त्या आकड्यांचा व्हेरियन्स (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढून सरासरीनं भागायचं, १ च्या बराच वर गेला तर झाडं झुपक्यानं आहेत. पण झुपका कशानं झाला हे तो आकडा सांगत नाही. आणि झुपका दिसला म्हणजे जंगल बिघडलंच असंबी नाही, तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या ५० हेक्टर प्लॉटसकट सहा मोठ्या प्लॉटांची तुलना २००० साली छापून आली, त्यात बहुतेक जाती झुपक्यानंच निघाल्या.

म्हणून मी आता वहीत दोन रकाने करतो, एक खोडांचा अन् एक झाडांचा. दुसरा निम्म्याहून जास्त कोराच राहतो, उन्हात प्रत्येक ठिकाणी उकरणार कोण.