दुरुस्ती आराखड्यातच ठरते

वॉशिंग मशीनचा ड्रम ज्या बेअरिंगवर फिरतो, त्याच्या पुढे पाणी अडवणारे एक रबरी सील असते. बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर ते झिजते, पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते, त्यातले ग्रीस धुऊन जाते, गोळ्या गंजतात आणि कपडे पिळताना यंत्र मोठ्याने घरघरू लागते. सील आणि बेअरिंग यांची किंमत यंत्राच्या मानाने किरकोळ असते. मात्र ड्रमभोवतीच्या प्लास्टिकच्या टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेले असतील, तरच त्यांच्यापर्यंत हात पोहोचतो. काही यंत्रांत हे दोन भाग वितळवून कायमचे एकजीव केलेले असतात. अशा वेळी ड्रमसकट पूर्ण टब बदलावा लागतो आणि तो खर्च ऐकून बहुतेक ग्राहक नवे यंत्रच घेतात.

उत्पादकांची बाजूही समजून घ्यायला हवी. वितळवून केलेला जोड गळत नाही आणि जुळणीचा वेळ वाचवतो. फोनचे भाग चिकटवणारा गोंद पाणी व धूळ बाहेर ठेवतो आणि जाडीही कमी राखतो. परंतु पाण्यापासून संरक्षण हवे म्हणून गोंदच हवा, हा युक्तिवाद पूर्णपणे पटत नाही, कारण मनगटी घड्याळे रबरी कडी आणि स्क्रू यांच्या आधारे कित्येक दशके पाण्यात टिकून आली आहेत.

सर्वांत आधी थकणारा भाग सर्वांत सहज निघावा, हे साधे तत्त्व आहे. लिथियम-आयन बॅटरीत प्रत्येक चार्जिंगच्या वेळी काही अनावश्यक रासायनिक अभिक्रिया होतात, ऋणाग्रावरील (बॅटरीच्या ऋण टोकाकडील) थर वाढत जातो आणि त्यात थोडेथोडे लिथियम अडकून पडल्याने क्षमता घटते. फोनमधील चिप मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ चालू शकते. तरीही बॅटरीच गोंदाने पक्की चिकटवली जात असल्याने, बाकी सर्व शाबूत असलेला फोन केवळ तिच्यापायी टाकून दिला जातो. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आल्या पाहिजेत.

फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा बराच मोठा वाटा तो वापरात येण्यापूर्वीच, म्हणजे निर्मितीत, खर्ची पडलेला असतो. म्हणून त्याचे आयुष्य वाढवणे जवळजवळ नेहमीच हिताचे ठरते. (भरमसाट वीज खाणाऱ्या जुन्या फ्रिजचा हिशेब वेगळा.) २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या पावभागापेक्षाही कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे.

अलीकडे अडथळा केवळ यांत्रिक राहिलेला नाही. काही उपकरणांत सुट्या भागाचा क्रमांक सॉफ्टवेअर तपासते आणि अस्सल पण दुसऱ्या उपकरणातून काढलेला भागही नाकारते किंवा अर्धवटच चालू देते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये या प्रथेला कायद्याने आळा घातला.

उरतो प्रश्न किमतीचा. स्क्रू सहज निघाले, माहितीपुस्तिका मिळाली, तरी सुटा भाग महाग असेल तर दुरुस्ती होत नाही. म्हणूनच फ्रान्समध्ये २०२१पासून उपकरणांवर छापल्या जाऊ लागलेल्या, दुरुस्ती किती सोपी हे सांगणाऱ्या दहापैकी गुणांत सुट्या भागांची किंमतही मोजली गेली. युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात सुटे भाग, दुरुस्तीपासून परावृत्त न करणाऱ्या वाजवी दरात मिळावेत, असे म्हटले आहे. वाजवी म्हणजे नेमके किती, याचा आकडा मात्र त्यात दिलेला नाही.