सुईचं नेढं आणि कपड्यांतली ऊ

कापड कुजतं, कातडंही कुजतं. म्हणून माणूस कपडे घालायला कधी लागला, हे जमीन उकरून सहसा कळत नाही. ते सांगितलं एका उवेनं.

डोक्यातली ऊ केसांत राहते, ती सगळ्यांच्या ओळखीची. तिच्याच भावकीतली दुसरी ऊ कपड्यांत राहते. ती शिवणीच्या दुमडीत अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. कपडेच नसते तर ही दुसरी जगली कुठे असती? म्हणजे या दोघींची घराणी कधी वेगळी झाली ते कळलं, की तोवर माणसाच्या अंगावर काहीतरी आलेलं होतं असं म्हणता येतं. डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या साचणारे बदल मोजून हा हिशोब मांडतात. आनुवंशिकीचे अभ्यासक मार्क स्टोनकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही ताटातूट साधारण ७०,००० वर्षांपूर्वीची काढली. २०११ मधल्या दुसऱ्या अभ्यासात ती निदान ८३,००० आणि कदाचित १,७०,००० वर्षांपर्यंत मागे गेली.

आता सुईकडे या. नेढं असलेल्या सर्वात जुन्या सुया दक्षिण सैबेरियातल्या, हाडाच्या, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. मग मधली हजारो वर्षं माणूस शिवत कशानं होता?

उत्तर आपल्या चांभाराच्या पेटीत आजही आहे: आरी. कोल्हापुरी चपलेची जुनी पद्धत आठवा. आरीनं कातड्याला भोक पाडायचं आणि त्यातून चामड्याची वादी ओवायची. आरीला नेढं लागत नाही, नुसतं टोक हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत हाडाच्या आऱ्या सापडल्या, त्या ७०,००० वर्षांहून जुन्या आहेत. थंडीसाठी कातडी जोडून अंगाबरोबर बसणारा कपडा करायला आरी पुरते.

म्हणूनच नेढ्याचं कोडं मला फार मोलाचं वाटतं. हाडाची बारीक कपची काढायची, ती दगडावर घासून गुळगुळीत करायची आणि मग त्या काडीएवढ्या जाडीत गारगोटीच्या टोकानं दोन्ही बाजूंनी कोरत आरपार छिद्र करायचं. शेवटच्या क्षणी हात जरा जड पडला की नेढं फुटलं, सगळी मेहनत वाया. आरीवर काम भागत असताना एवढा खटाटोप कोण कशाला करील?

सिडनी विद्यापीठातले इयन गिलिगन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये यावर एक मांडणी केली. उघड्या अंगाला रंग लावता येतो, गोंदता येतं. पण हिमयुगात थंडी वाढली आणि अंग डोक्यापासून पायापर्यंत झाकावं लागलं, तेव्हा ते रंगवून दाखवणार कुणाला? नटणं मग अंगावरून कपड्यावर आलं. कपड्यावर बारीक मणी शिवायचे तर आरीनं आधी भोक पाडून मग दोरा घुसवत बसणं जिकिरीचं. भोक पाडणं आणि दोरा ओढणं एकाच हालचालीत करणारी सुई तिथं कामाला येते. थरावर थर घालायचे आतले मऊ कपडे शिवायलाही तीच सोयीची. ही मांडणीच आहे, शेवटचा निकाल नव्हे, पण मला ती पटते.

पटण्याचं एक कारण रशियातलं सुंगीर. मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे २०० किलोमीटरवर ३४,००० वर्षांपूर्वीची दफनं सापडली आहेत. एका प्रौढ पुरुषाच्या अंगावर मॅमथच्या सुळ्यातून घडवलेले जवळजवळ ३,००० मणी होते आणि दोन मुलांच्या अंगावर दोघांचे मिळून सुमारे १०,०००. कपडे केव्हाच मातीत मिळाले, पण मणी ओळीनं जागच्या जागी राहिले: छातीवर, दंडांवर, पायांवर. विरून गेलेल्या पोशाखाचा आकार त्या ओळींवरून वाचता येतो. प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या अंदाजानं एका मण्याला तासाभराहून जास्त वेळ लागतो. मुलांच्या अंगावरच्या त्या दहा हजार मण्यांपुढे मला नेहमी थांबावंसं वाटतं.

पुढे हाड जाऊन धातू आला, सुया बारीक झाल्या, पण नेढं जिथल्या तिथंच राहिलं, टोकाच्या उलट बाजूला. हातशिलाईत संपूर्ण सुई कापडातून पलीकडे जाते, एक हात सोडतो आणि दुसरा पकडतो. यंत्राला ही सोड-पकड नीट जमेना. तोड निघाली ती नेढं टोकाशी आणल्यावर. अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी १८३० च्या दशकात तसं यंत्र केलं, पण पेटंट घेतलं नाही. ते १८४६ मध्ये एलियस हाव यांना मिळालं.

घरातल्या शिलाई मशीनची सुई काढून तिच्यावरून नख फिरवा. एका बाजूला लांब खाच लागेल. सुई खाली जाताना दोरा त्या खाचेत दडतो, म्हणून कापडाला घासत नाही. दुसऱ्या बाजूला तशी खाच नसते. सुई किंचित वर येऊ लागली की त्या बाजूचा दोरा कापडाला अडतो आणि फुगून त्याचा फास होतो. कापडाखालच्या शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी त्या फासात शिरतं आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा त्यातून नेतं. दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. टीप घट्ट बसते ती यामुळे. मध्येच एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

तांदळाच्या पोत्याची शिवण वेगळी. तो साखळी टाका, त्यात प्रत्येक फास पुढच्या फासाच्या भरवशावर उभा असतो. म्हणून बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात दोरा सरसर निघतो, आणि चुकीच्या टोकानं कितीही ओढा, पोतं उघडत नाही.