औषध पानावर की पानात? स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही कीटकनाशकांतला घोळ

गच्चीवर किंवा बाल्कनीत चार कुंड्या सांभाळणाऱ्या कोणालाही फवारणीविषयी विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: "औषध मारल्यावर दोन दिवस थांबायचे आणि मग स्वच्छ धुऊन वापरायचे." हे उत्तर एका प्रकारच्या कीटकनाशकांना बऱ्यापैकी लागू पडते आणि दुसऱ्या प्रकारच्या कीटकनाशकांना अजिबात लागू पडत नाही. अडचण अशी की हे दोन्ही प्रकार दुकानात एकाच फळीवर, सारख्याच आकाराच्या बाटल्यांत शेजारी शेजारी उभे असतात आणि दोघांनाही आपण 'औषध'च म्हणतो. (विषाला औषध म्हणण्याची ही सवय मला कधीच आवडली नाही, पण दुकानात 'कीटकनाशक द्या' म्हटले की दुकानदार चमकून वर पाहतो, म्हणून नाइलाजाने मीही औषधच म्हणतो.)

पहिला प्रकार स्पर्शजन्य. तो सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करत नाही. मॅलॅथिऑन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्याची नेहमीची नावे. थेंब जिथे पडेल तिथेच औषध राहते, किडीच्या अंगाला लागले किंवा तिने ते पान खाल्ले तर ती मरते, आणि पानाच्या खालच्या बाजूला आपण नळी फिरवली नसेल तर तिथला मावा सुखाने नांदतो. पाऊस आला की औषध धुपते. फवारणीनंतर फुटलेली पालवी पूर्णपणे उघडी राहते.

दुसरा प्रकार आंतरप्रवाही, आणि खरा घोळ इथे आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, डायमेथोएट, ॲसिफेट ही या गटातली नावे. ही द्रव्ये पानातून किंवा मुळांतून झाडाच्या आत शिरतात आणि रसाबरोबर फिरतात. इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतले, तर ते जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर चढत शेंड्यापर्यंत पोचते. फवारणीच्या वेळी जे पान जन्मालाही आले नव्हते, त्यातही ते उतरते. जास्वंदीच्या कळीच्या देठाशी कापसासारखा चिकटून बसलेला पिठ्या ढेकूण जवळून पाहिला, तर या औषधांचा जन्म कशासाठी झाला ते कळते. त्याच्या अंगावर मेणचट पांढरे आवरण असते, त्यावरून फवाऱ्याचे थेंब ओघळून जातात, आणि तो मात्र आपली सोंड सालीत खुपसून निवांत रस पीत असतो. बाहेरून त्याचे काही बिघडत नाही, म्हणून त्याच्या पेल्यातच विष कालवायचे, अशी ही योजना आहे.

योजना हुशारीची आहे, यात वाद नाही. पण तोच पेला आपलाही असू शकतो, हे लक्षात घेतले जात नाही. पानावर बसलेले औषध धुतल्याने बरेचसे जाते; सगळे जात नाही, कारण काही द्रव्ये पानाच्या मेणात मुरतात, परंतु बरेचसे जाते. पानाच्या आत गेलेले औषध नळाखाली कितीही वेळ धरले, मिठाच्या पाण्यात बुडवले किंवा व्हिनेगरमध्ये भिजवले, तरी तिथेच राहते. 'वास गेला म्हणजे औषध गेले' हा याच समजाचा दुसरा अवतार. तो उग्र वास पुष्कळदा औषध ज्या द्रावकात विरघळवलेले असते त्याचा असतो, तर इमिडाक्लोप्रिडला नाव घेण्यासारखा वासच नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या कढीपत्त्यावर खवले कीड आली, तेव्हा एका रोपवाटिकेतून मला एक बिनलेबलाची छोटी बाटली मिळाली आणि 'हे टॉनिक आहे, मुळाशी टोपणभर घाला, आठवड्याने पाने वापरा' असे सांगण्यात आले. आठवड्यात कीड साफ झाली, आणि तेवढ्यावरूनच मला शंका आली. कुंडीत टोपणभर ओतलेले 'टॉनिक' शेंड्यावरची खवले कीड मारत असेल, तर ते झाडातून चढून तिथे पोचलेले असणार आणि आमटीच्या फोडणीतही पोचणार, हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ते झाड मी मुळापासून काढून टाकले. फार झाले असे घरच्यांना वाटले. मला आजही वाटत नाही.

मग थांबायचे तरी किती? याचे उत्तर लेबलावर 'प्रतीक्षा कालावधी' म्हणून छापलेले असते, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किमान किती दिवस जायला हवेत तो आकडा. भारतातील नोंदणीनुसार १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिडसाठी हा आकडा भेंडीला ३ दिवस, मिरचीला ४० दिवस आणि आंब्याला ४५ दिवस असा आहे. औषध तेच, पण पीक बदलले की आकडा दहा-पंधरा पटींनी बदलतो, म्हणून 'दोन दिवस' किंवा 'आठवडा' असा एकच सरसकट नियम असूच शकत नाही. शिवाय हा आकडा लेबलावरच्या पिकासाठी आणि लेबलावरच्या मात्रेसाठी असतो. तुळस, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा यांचे नावच त्या यादीत नसेल, तर त्याचा अर्थ 'चालेल' असा होत नाही. त्या झाडासाठी ते औषध मंजूरच नाही, असा होतो. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अंशांसाठी युरोपीय संघाने वाढीव तपासणी लावली, ती उगाच नव्हे. मोनोक्रोटोफॉस या जहाल आंतरप्रवाही औषधावर आपल्याकडेही भाजीपाल्यापुरती बंदी २००५ मध्ये आली. तरी 'गावाहून आणलेली आहे, फार जालीम आहे' अशा कौतुकाने त्याची बाटली शहरातल्या बाल्कनीत निघालेली मी पाहिली आहे.

खाण्याच्या झाडांचे एक वेळ लोकांना पटते. फुलझाडांचे पटत नाही. 'ते काय आपण खातो?' असे विचारणाऱ्यांच्याच घरी जास्वंदीची फुले तेलात उकळली जातात, गावठी गुलाबाचा गुलकंद होतो आणि गोकर्णाचा निळा चहा पाहुण्यांना कौतुकाने दिला जातो. सोसायटीच्या हिरवळीतून गणपतीसाठी खुडलेल्या दूर्वा प्रसादाच्या ताटात मोदकाला टेकून बसतात, आणि त्या हिरवळीवर मुळे खाणाऱ्या हुमणी अळीसाठी मागच्या पंधरवड्यात माळीकाकांनी काय ओतले, हे कोणी विचारलेले नसते.

मधमाशांच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. 'संध्याकाळी फवारले की मधमाशा वाचतात' हा सल्ला स्पर्शजन्य औषधांपुरता ठीक आहे, कारण रात्रीतून फवारा वाळतो आणि थेट अंगावर पडणे टळते. आंतरप्रवाही औषध मात्र मकरंदात आणि परागांत उतरते, त्यामुळे ते सकाळी दिले काय किंवा मध्यरात्री दिले काय, फूल उमलल्यावर माशीला ते मिळतेच. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या तिघांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाशांसाठीच. फुलावर येणारी झाडे मी म्हणूनच या गटापासून दूर ठेवतो, मग पिठ्या ढेकणाने कितीही छळले तरी.

मातीचा मुद्दा तर कोणी काढतच नाही. इमिडाक्लोप्रिड मातीत महिनोन्महिने टिकू शकते. मोगऱ्याच्या कुंडीत ते ओतले, मोगरा वाळला आणि तीच माती मोकळी करून तिच्यात मेथी पेरली, तर मेथीवर एकही फवारणी न करता तिच्यात ते येऊ शकते. 'आमच्या मेथीवर आम्ही काहीच मारत नाही' हे वाक्य मग खरे असूनही निरुपयोगी ठरते.

बाटली ओळखायची कशी, हे त्या मानाने सोपे आहे. मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव सोडून द्यावे आणि त्याखालचे बारीक अक्षरांतले रासायनिक नाव वाचावे. नावाच्या शेवटी 'थ्रिन' असेल, तर ते स्पर्शजन्य समजावे. ईसी, एसएल, डब्ल्यूजी ही अक्षरे औषध कोणत्या स्वरूपात बांधले आहे एवढेच सांगतात, प्रकार सांगत नाहीत. थायामेथोक्झाम आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांच्यासारखी जोडऔषधेही मिळतात. जोडीतले एक जरी आंतरप्रवाही असले, तरी सगळी बाटली आंतरप्रवाही धरावी. लेबलावरच्या चौकोनातला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग तीव्र विषारीपणाची पायरी दाखवतो आणि त्याचा या भेदाशी काही संबंध नाही. हिरव्या किंवा निळ्या खुणेचे औषध पानात शिरत नाही, असे समजू नये.

बाकीची काळजी दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे: हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडावर मास्क, वाऱ्याकडे पाठ, फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुले आणि कुत्री-मांजरी हिरवळीपासून दूर, आणि उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही नाही. मोजमापाविषयी मात्र एक तक्रार नोंदवतो. इमिडाक्लोप्रिडची मात्रा लिटरभर पाण्याला पाव ते अर्धा मिली इतकी असते आणि लोक ते टोपणाने ओततात, म्हणजे दहा-वीस पट. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज औषधविक्रेत्याकडे काही रुपयांत मिळते. ती फक्त याच कामासाठी वेगळी ठेवावी.

माझ्याकडे खाण्याच्या आणि फुलांच्या झाडांवर फक्त पाण्याचा जोरदार झोत, लिटरला चमचाभर भांड्याच्या साबणाचे पाणी (आधी एका पानावर करून पाहावे, कोवळी पाने करपतात) आणि कात्री चालते. लिंबावरच्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या हाताने वेचता येतात; त्यांना औषध मारणे मला आळशीपणाचे वाटते. आंतरप्रवाही औषध वर्षातून एखाद्या वेळी फक्त क्रोटनच्या दोन कुंड्यांना मिळते. त्या कुंड्यांना लाल सुतळी बांधलेली आहे, तिला तारखेची चिठ्ठी अडकवलेली आहे, आणि त्यांतली माती भाजीच्या वाफ्यात जाणार नाही, हे बागेत हात घालणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवले आहे.