ग्रहीय आरोग्य

माणसाचे आरोग्य आणि ते ज्या नैसर्गिक व्यवस्थांवर उभे असते त्यांचे आरोग्य यांचा एकत्र विचार करणारी संकल्पना. रॉकफेलर फाउंडेशन आणि ‘द लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक यांच्या आयोगाच्या २०१५ मधील अहवालामुळे ती रूढ झाली. आयुर्मान वाढले खरे, पण ते पुढच्या पिढ्यांचे आरोग्य गहाण टाकून, असे या आयोगाचे म्हणणे होते.

इंधनाच्या ज्वलनात हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो. कोळसा, डिझेल किंवा पेट्रोल जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर सूक्ष्म कणही बाहेर पडतात. २.५ मायक्रोमीटर वा त्याहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्यांमुळे वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणामुळे दरवर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात. जवळच्या अंतरासाठी गाडी न काढता पायी किंवा सायकलने गेल्यास व्यायाम होतो आणि धूरही वाचतो. अशा दुहेरी फायद्याला सहलाभ म्हणतात. उत्सर्जन घटल्याचा हवामानावरील परिणाम उशिरा दिसतो आणि तो साऱ्या जगात वाटला जातो. चालण्याचा फायदा मात्र चालणाऱ्यालाच आणि लवकर मिळतो. लोकांना पटवताना हा फरक फार उपयोगी पडतो.

आहाराबाबत ‘ईट’ ही अन्नव्यवस्थेवर काम करणारी संस्था आणि ‘द लॅन्सेट’ यांच्या ईट-लॅन्सेट आयोगाने २०१९ मध्ये तांबडे मांस व साखर यांचा जागतिक वापर निम्म्याहून कमी करावा आणि फळे, भाज्या, कडधान्ये व कवचफळे (बदाम, अक्रोड इत्यादी) दुपटीहून वाढवावीत, असे सुचवले. गरिबांना हा आहार परवडत नाही, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे.

मनःस्वास्थ्यासंबंधी संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ मधील अभ्यास नेहमी उद्धृत होतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी सोडता आले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता; त्यावरून काढले जाणारे व्यापक निष्कर्ष जपूनच घ्यावेत.

स्वतःची काळजी घेतली की पृथ्वीचीही आपोआप घेतली जाते, असे मात्र नाही. त्वचा घासून स्वच्छ करण्यासाठी फेसवॉशमध्ये घातलेले प्लास्टिकचे बारीक मणी सांडपाण्यातून नद्या-समुद्रांत पोहोचले. अमेरिकेने २०१५ मध्ये त्यांविरुद्ध कायदा केला. दम्याच्या फवारा इनहेलरचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यातील औषध बाहेर ढकलणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोन थराला घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानंतर (१९८७) टप्प्याटप्प्याने काढले गेले. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला अपाय करत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक प्रभावी हरितगृह वायू आहेत. कोरड्या भुकटीच्या इनहेलरला असा वायू लागत नाही. मात्र त्यासाठी जोराने श्वास आत ओढावा लागतो. लहान मुलांना आणि तीव्र झटका आलेल्या रुग्णांना ते जमतेच असे नाही. त्यामुळे बदल वैद्यकीय सल्ल्यानेच केला जातो.