भाषांच्या यादीची जागा : विकिपीडियाच्या मांडणीबदलांची पार्श्वभूमी

इंग्रजी विकिपीडियावर १८ जानेवारी २०२३ रोजी ‘व्हेक्टर २०२२’ ही नवी मांडणी सर्व वाचकांसाठी लागू झाली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी, अशी मागणी करणारा कौल संपादकांनी मांडला. मजकुराच्या बाजूला रिकामी सोडलेली पांढरी जागा हे नाराजीचे तात्कालिक कारण होते. मूळ वाद मात्र जुना आहे. संकेतस्थळाची मांडणी बदलताना मत कोणाचे घ्यायचे आणि ते मोजायचे कसे, हा तो वाद. त्याचा माग काढायचा तर लेखाच्या कडेला दिसणाऱ्या एका साध्या यादीचा, म्हणजे ‘इतर भाषांत’ या यादीचा, प्रवास पाहणे सर्वांत सोयीचे आहे.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा यूजमॉडविकी या तयार प्रणालीवर चालणाऱ्या त्या संकेतस्थळाला मांडणी म्हणावी असे फारसे काही नव्हते. आज ओळखीचे वाटणारे रूप २००४ मध्ये ‘मोनोबुक’ या त्वचेने दिले. (दृश्यरूपासाठी ‘त्वचा’ हा शब्द, विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो त्या मीडियाविकीच्या मराठी भाषांतरातलाच आहे.) डावीकडे बोधचिन्ह, त्याखाली सुचालनाचे दुवे, शोधाची चौकट, साधनपेटी आणि सर्वांत खाली त्याच विषयावरील इतर भाषांतील लेखांचे दुवे, अशी ती रचना होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या लहान आवृत्त्यांना या शेवटच्या यादीचे मोल फार होते. देवनागरीत टंकलेखन करून शोध घेणारे वाचक त्या काळी थोडे होते. त्यामुळे इंग्रजी लेख वाचता वाचता कडेच्या यादीत, मलयाळमच्या खाली थोड्याच अंतरावर, ‘मराठी’ हे नाव दिसणे ही अनेकांसाठी मराठी विकिपीडियाशी झालेली पहिली ओळख असावी.

वापरणाऱ्यांकडे पाहून मांडणी बदलण्याचा पहिला संघटित प्रयत्न २००८ च्या अखेरीस सुरू झाला. स्टँटन फाउंडेशनने दिलेल्या ८ लाख ९० हजार डॉलरच्या अनुदानातून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने सुलभतेचा प्रकल्प हाती घेतला. नवख्या माणसाला संपादन करणे सोपे जावे, हा त्याचा हेतू होता. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही वाचकांना संगणकासमोर बसवून छोटी छोटी संपादने करायला सांगितली आणि ते कुठे अडतात याची निरीक्षणे नोंदवली. त्यानंतर पानाच्या माथ्यावर नव्या रूपाची चाचणी घेण्याचा दुवा आला, आणि जे चाचणी सोडून जुन्या रूपाकडे परतत त्यांना परतण्याचे कारण विचारले जाई. मत गोळा करण्याची ही पद्धत मला आजही प्रामाणिक वाटते, कारण सोडून जाणाऱ्याचे उत्तर हे थांबणाऱ्याच्या उत्तरापेक्षा अधिक नेमके असते.

या चाचण्यांतून घडलेली ‘व्हेक्टर’ ही त्वचा मे २०१० मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आली. शोधाची चौकट उजव्या कोपऱ्यात वर गेली, त्यावर थोडी कुरकुर झाली आणि विरली. भाषांच्या यादीचे तसे झाले नाही. नव्या मांडणीत ती मुळात मिटलेली असे आणि शीर्षकावर टिचकी मारली तरच उघडे. त्याला आधार होता तो आकडेवारीचा : जुन्या मांडणीत या दुव्यांवर टिचकी मारणारे शंभरात जेमतेम एक होते. यादी मिटवल्यावर ते प्रमाण आणखी घसरले, हे ओघाने आलेच.

आक्षेप घेणाऱ्यांचा युक्तिवाद आकड्यांपलीकडचा होता. इंग्रजी लेखाच्या सर्व वाचकांत दुसरी भाषा वाचणारे मुळात थोडे. त्यामुळे सरासरी काढली की त्यांची गरज नगण्यच दिसणार. शिवाय यादी डोळ्यांसमोर असली की टिचकी न मारणाऱ्यालाही कळते की हा विषय इतक्या भाषांत लिहिला गेला आहे. यादी पुन्हा उघडी ठेवण्याचा बदल एका स्वयंसेवकाने केला, तो फाउंडेशनच्या बाजूने उलटवला गेला, वाद पेटला, आणि अखेर यादी पूर्ववत उघडी झाली. चाचणीत जे निष्पन्न झाले ते खोटे नव्हते. पण चाचणीला बसवलेल्यांत अन्य भाषांचे वाचक किती होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत विचारलाच गेला नव्हता.

पुढची काही वर्षे फाउंडेशन आणि संपादकांचा समुदाय यांच्या संबंधांत कटुता आणणारी ठरली. २०१३ मध्ये दृश्य संपादक (लेखाचे अंतिम रूप समोर दिसत असतानाच संपादन करू देणारे साधन) घाईने लागू झाला आणि त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियावर तो ऐच्छिक करावा लागला. २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियाच्या समुदायाने चित्रदर्शक (लेखातले चित्र मोठे करून दाखवणारी सोय) बंद ठेवण्याचा कौल दिला, तेव्हा फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचा नवा अधिकार वापरून प्रचालकांनाही (विशेष अधिकार असलेल्या संपादकांनाही) बदल करण्यापासून रोखले. तो अधिकार नोव्हेंबर २०१५ मध्ये काढून टाकण्यात आला, तरी समुदायाच्या मनातली अढी राहिली. २०१९ मध्ये डेस्कटॉपवरील मांडणी सुधारण्याचा प्रकल्प इतक्या संथपणे आणि टप्प्याटप्प्याने का आखला गेला, याचे उत्तर बरेचसे या अनुभवात सापडते.

या खेपेस बदल एकदम न आणता २०२० पासून बास्क, फ्रेंच, हिब्रू, फारसी अशा निवडक विकींवर एकेक करून उतरवले गेले, आणि भारतासह अनेक देशांतील तीसहून अधिक स्वयंसेवक गटांशी चर्चा झाली. शोधाची चौकट बोधचिन्हाशेजारी मोठी झाल्यावर शोध घेण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढल्याचे, तर वरची पट्टी पान खाली सरकवतानाही माथ्यावर कायम ठेवल्यावर वर परत जाण्यासाठीचे सरकवणे १५ टक्क्यांनी घटल्याचे फाउंडेशनने सांगितले. अनुक्रमणिका डाव्या रकान्यात आली. भाषांची यादी अनेक विकिपीडियांवर २०१६ मध्येच मोजक्या नावांपुरती आखडली गेली होती. आता ती लेखाच्या शीर्षकाशेजारी एका बटणात गेली, ज्यावर भाषांची संख्या दिसते, नावे दिसत नाहीत.

२०२२ च्या उत्तरार्धात इंग्रजी विकिपीडियावर झालेल्या कौलात दोन्ही बाजू जवळपास तुल्यबळ होत्या, आणि मजकुराच्या रुंदीवरचा आक्षेप दूर करण्याच्या अटीवर मांडणीला वाट मिळाली. रुंदी बदलण्याचे बटण आलेही. तरी जानेवारी २०२३ नंतरच्या कौलात मांडणी मागे घ्यावी म्हणणारे साडेतीनशेच्या वर, तर विरोधात सव्वादोनशेच्या आसपास संपादक उतरले; विकिपीडियावर निर्णय हात मोजून होत नसल्याने ‘सहमती नाही’ असा निष्कर्ष निघाला आणि नवी मांडणी राहिली. कौलात भाग घेणारे हे सगळे संपादक होते, हे येथे नोंदवले पाहिजे. चावडीवर, म्हणजे संपादकांच्या चर्चेच्या पानावर, कधीही न येणारा वाचक दोन्ही वेळा अनुपस्थित होता, आणि त्याच्या नावाने दोन्ही बाजू बोलत होत्या.

त्या वाचकासाठी अक्षरांचा आकार आणि गडद पार्श्वभूमी निवडण्याची सोय २०२४ मध्ये आली. त्यासाठी खाते लागत नाही. संपूर्ण त्वचा कायमची बदलायची असेल तर मात्र खाते लागतेच. ज्याचे ते आहे त्याला पसंतीक्रमात जाऊन मोनोबुक अजूनही निवडता येते, आणि तिथे भाषांची नावे २००४ सारखीच डाव्या रकान्यात, साधनपेटीच्या खाली उभी दिसतात.