दोष यकृतात, तक्रार वागण्याची

विल्सन डिसीज म्हणजे शरीरात तांबं साचत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्याचा पहिला पुरावा कधीकधी शाळेच्या वहीत असतो. वर्षाच्या सुरुवातीला गोल, सुटं अक्षर. पुढे ते आकसत जातं, ओळ सोडतं, मध्येच थरथरतं. त्याच सुमारास मार्क घसरतात, मूल चिडकं होतं, जराशा कारणाने रडतं किंवा भलत्याच वेळी हसतं. पंधरा वर्षांच्या मुलाबाबत याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं: वयच तसं आहे. शरीरातलं तांबं तपासावं, असं कुणाच्या मनातही येत नाही.

रोजच्या आहारातून एक-दोन मिलिग्रॅम तांबं पोटात जातं. त्यातलं गरजेपुरतं ठेवून उरलेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. या कामाचं प्रथिन ज्या जनुकावरून बनतं तो एटीपी७बी १३व्या गुणसूत्रावर असतो. १९९३ साली त्याचा छडा लागला. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची सदोष प्रत आली, तरच आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे खरं असूनही त्यावर विसंबता येत नाही.

तांबं आधी यकृतात साचतं. म्हणून लहान मुलांत बहुधा कावीळ किंवा वाढलेलं यकृत दिसतं. यकृतात मावेनासं झालं की ते रक्तातून मेंदूत पोहोचतं, आणि तिथे सर्वात जास्त झळ बसते ती मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाला. हा भाग हालचालींना वळण लावतो, पण त्याचे धागे कपाळामागच्या मेंदूशीही जोडलेले असतात. राग आवरणं, लक्ष टिकवणं, मनात आलेलं लगेच न करणं हे सगळं तिथलंच. त्यामुळे हात कापणं आणि स्वभाव बदलणं ही एकाच बिघाडाची दोन तोंडं आहेत. बोलणं जड होतं, लाळ गळते, हातपाय वेडेवाकडे आखडतात. काहींच्या चेहऱ्यावर एक ताठ हसू गोठून बसतं आणि समोरच्याला वाटतं, मूल आपल्याला हसतंय.

१९१२ साली मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या रुग्णांतही मानसिक लक्षणं होतीच. तरीही आज अशी मुलं आधी मानसोपचाराकडे जातात आणि कधीकधी तिथेच अडकतात. नैराश्याचं किंवा भासांचं निदान चुकीचं असतं असं नाही, अपुरं असतं. शिवाय मनोविकारावरच्या काही औषधांनी या मुलांचा ताठरपणा आणखी वाढतो. औषध सुरू होताच मूल लाकडासारखं आखडलं, तर विल्सनची शंका यायलाच हवी.

डोळ्यातली खूण प्रसिद्ध आहे: पारदर्शक पटलाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं. ते सुरू होतं वरच्या बाजूने, म्हणजे नेमकं पापणीखाली, आणि गडद डोळ्यांत नुसत्या नजरेला सहज सापडत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे डोळे तपासायचं सूक्ष्मदर्शक यंत्र लागतं. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेकांत ते असतं, नुसत्या यकृताच्या रुग्णांत अनेकदा नसतं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, सहसा कमी येतं, पण अंगात दाह किंवा संसर्ग असला की ते वाढतं. म्हणून एका नॉर्मल रिपोर्टवर प्रकरण मिटवू नये. चोवीस तासांच्या लघवीतलं तांबंही मोजतात.

१९५६ मध्ये डॉक्टर जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध आणलं आणि हा जीवघेणा आजार आटोक्यात आला. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. ट्रायेंटिनही तेच करतं, तर झिंक आतड्यातच तांब्याला अडवतं. मात्र पेनिसिलामाइनने सुरुवातीला मेंदूची लक्षणं उलट बळावू शकतात, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. थरथर ओसरली तरी मनाची घडी बसायला वेळ लागतो, काहींची पूर्ण बसतही नाही.

रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणीत तो लक्षणांआधी सापडला, तर उपचार फार चांगले लागू पडतात. अडचण पुढे येते: काहीच त्रास नसलेल्या मुलाला जन्मभर रोज औषध घ्यायला लावायचं. आणि विशीत पोचून ‘मला काय झालंय’ म्हणत गोळ्या परस्पर बंद करणाऱ्यांचं यकृत अचानक निकामी झाल्याची उदाहरणं डॉक्टरांना चांगलीच ठाऊक आहेत.