फाइल एमपी४ आहे, मग ती उघडत का नाही?

रंगपंचमीला जुन्या नाशकात, तिवंधा चौकातील रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांचे चित्रीकरण तीन मित्रांनी आपापल्या फोनवर केले आणि संध्याकाळी ते एका संगणकावर गोळा केले, असे समजू. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याची फाइल विनातक्रार येते. दुसऱ्याच्या फाइलचा आवाज ऐकू येतो, पण पडदा काळाच राहतो. तिसऱ्याची फाइल सॉफ्टवेअर आतच घेत नाही. तिन्ही नावांच्या शेवटी मात्र ‘एमपी४’ हीच अक्षरे असतात. मग सॉफ्टवेअरला दोष देऊन ते काढणे आणि पुन्हा टाकणे सुरू होते, आणि तासाभराने माणूस होता तिथेच येतो.

एमपी४ हे चित्राच्या जातीचे नाव नाही. ते खोक्याचे नाव आहे. निफाडकडून निघालेल्या द्राक्षांच्या एकाच मापाच्या खोक्यांत थॉमसनही भरलेली असते आणि सोनाकाही, तसेच हे आहे. एमपी४, एमओव्ही किंवा एमकेव्ही ही खोकी चित्र, आवाज आणि त्यांच्या वेळांची नोंद एकत्र बांधून ठेवतात. आतले चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहे, हे ‘कोडेक’ ठरवतो. त्यामुळे नावातली शेवटची अक्षरे बदलून काहीही साधत नाही, तरीही तो उपाय हमखास करून पाहिला जातो.

दाबून बसवणे अपरिहार्य आहे, हे साध्या हिशेबाने कळते. १९२० × १०८० ठिपक्यांच्या एका फ्रेमला, दर ठिपक्यास ३ बाइट धरले, तर सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम या दराने एका मिनिटाचे ९ जीबीहून अधिक होतात. फोन मात्र तेवढेच चित्रीकरण शंभर-दीडशे एमबीत बसवतो. यासाठी कोडेक अधूनमधून एकच फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या फ्रेमांत फक्त काय बदलले तेवढे टिपतो. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या काळातील फिल्मवर प्रत्येक चौकट हे स्वतंत्र छायाचित्र होते, त्यामुळे कात्री कुठेही चालवता येत असे. आजच्या फाइलमध्ये मधली एक फ्रेम दाखवायची, तर सॉफ्टवेअरला आधी मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुढचा हिशेब करत यावे लागते. नुसते चित्र पाहण्यासाठी बनवलेला व्हीएलसीसारखा प्लेअर सरळ पुढे जात असतो आणि दाबलेले चित्र उलगडणारे स्वतःचे डीकोडर सोबत बाळगतो. म्हणून तिथे जे चालते, ते संपादनात अडखळते किंवा चालतच नाही.

दुसऱ्या मित्राचे दुखणे इथेच आहे. २००३ साली मान्य झालेला एच.२६४ हा कोडेक जवळजवळ सर्वत्र वाचला जातो. २०१३ चा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, साधारण निम्म्या जागेत त्याच दर्जाचे चित्र देतो. पण त्याच्या पेटंटचे पैसे द्यावे लागत असल्याने विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर त्याचा डीकोडर वेगळा घ्यावा लागतो. आवाज साध्या एएसी पद्धतीचा असतो, म्हणून तो येतो आणि चित्र राहून जाते. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तर एच.२६४ सुद्धा वाचत नाही. त्यामुळे माझ्या मते सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मीडियाइन्फोसारख्या मोफत साधनात फाइल उघडून आतला कोडेक पाहावा. कोडेक ओळखीचा आणि खोके तेवढे अनोळखी असेल, तर एफएफएमपेग या मोफत साधनाने खोके बदलता येते. यात चित्राला धक्का लागत नाही आणि काम काही सेकंदांत होते. कोडेकच अडत असेल, तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या संपादनासाठी बनवलेल्या कोडेकमध्ये रूपांतर करावे. तिथे फाइल अनेक पटींनी फुगते, पण संपादन सुरळीत होते.

फाइल आत आली तरी एक छुपा दोष उरू शकतो. उजेड कमी झाला की अनेक फोन फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात. नोंद सेकंदाला ३० फ्रेमची असून प्रत्यक्ष सरासरी २९.७ पडली, तर दहा मिनिटांत १७,८२० फ्रेम होतात. बदलता वेग न समजणारे जुने सॉफ्टवेअर त्या ३० च्या वेगाने ५९४ सेकंदांत संपवते, आणि ढोल थांबण्याच्या सहा सेकंद आधीच चित्र संपते. हँडब्रेक या रूपांतराच्या मोफत साधनात स्थिर वेग निवडून फाइल नव्याने तयार केली की हा फरक जातो.

तिसऱ्या मित्राच्या फोनची बॅटरी चित्रीकरण चालू असतानाच संपली होती. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आणि किती लांबीची आहे, याची यादी एमपी४ मध्ये ‘मूव’ नावाच्या भागात असते, आणि फ्रेमांची संख्या शेवटीच कळत असल्याने बहुतेक फोन ती चित्रीकरण थांबवल्यावर लिहितात. यादी नसेल, तर फाइल कितीही मोठी दिसो, ती उघडत नाही. अनट्रंकसारखे साधन अशी यादी पुन्हा रचून देऊ शकते, मात्र त्याला नमुना म्हणून त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेली दुसरी धड क्लिप लागते. रहाडीवर पोहोचण्याआधी त्याने चौकातल्या गर्दीची घेतलेली दहा सेकंदांची, पुसून टाकावीशी वाटणारी क्लिप त्यासाठी पुरेशी आहे.